पेडर रोडचा चढ आणि न ऐकलेला सल्ला

ठाणे,
बुधवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रविवारी रात्री फोनवर मी तुला मुंबईच्या अर्धमॅरेथॉनचा नुसता आकडा सांगितला, २ तास ४१ मिनिटे, आणि झोप येते आहे असे म्हणून फोन ठेवून दिला. झोप खरीच येत होती, पण तू आणखी दोन प्रश्न विचारले असतेस तर सगळे बाहेर पडले असते, हेही तितकेच खरे होते. दोन दिवस मी जिना पाठमोरा उतरत होतो. आज प्रथमच सरळ उतरता आला, तेव्हा आता कबुलीजबाब लिहायला हरकत नाही.

तू डिसेंबरात पाठवलेला कागद माझ्या टेबलावर अजून आहे. "पहिले आठ किलोमीटर आपण धावतो आहोत याची लाज वाटेल इतके सावकाश जा; किलोमीटरला सव्वासात मिनिटे, एक सेकंदही कमी नाही," असे तू त्यात लिहिले होतेस, आणि त्याखाली "येऊरचा चढ आठवड्यातून एकदा" हे दोनदा अधोरेखित केले होतेस. पहिली सूचना मला पाठ होती. दुसरी मी उपवन तलावाभोवतीच्या सपाट फेऱ्यांवर भागवली, कारण येऊरच्या डोंगरवाटेवर पहाटे अंधार असतो, कुत्री असतात, आणि खरे सांगायचे तर दम लागतो.

रविवारी पहाटे स्पर्धकांसाठी सोडलेल्या जादा लोकलने दादरला उतरलो. त्या वेळी डब्यात एकही माणूस पेंगत नव्हता, ही मुंबईच्या लोकलमध्ये मी पाहिलेली सर्वांत अद्भुत गोष्ट. प्रत्येकाच्या छातीवर क्रमांकाची पट्टी, आणि निम्म्यांच्या हातात केळे. अर्धमॅरेथॉन माहीमच्या रेती बंदर मैदानापासून सुटते. आपल्या गटाच्या कुंपणात उभे राहिल्यावर खाडीचा तो ओळखीचा वास, कोणीतरी अंगाला चोळलेल्या वेदनाशामक मलमाचा वास आणि हजारो माणसांची चुळबुळ, असे सगळे एकदम अंगावर आले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी परीक्षेच्या हॉलबाहेर उभे असल्यासारखे पोटात कालवले.

पाच वाजून गेल्यावर आमचा गट सुटला. आणि इथेच घात झाला. वांद्रे-वरळी सागरी सेतू एरवी पायी चालणाऱ्यांना बंद असतो. एवढी वर्षे मी तो टॅक्सीच्या काचेतून पाहिला आहे. साडेपाच किलोमीटरांहून थोडा लांब असा तो पूल त्या अंधारात दिव्यांखाली पूर्ण रिकामा पसरलेला, एकही हॉर्न नाही, दोन्ही बाजूंना काळे पाणी, आणि ऐकू येतो तो फक्त बुटांच्या तळव्यांचा पाऊस पडल्यासारखा आवाज. समोरून वारा येत होता, घाम जाणवत नव्हता, पाय हलके होते. मनगटावरचे घड्याळ किलोमीटरला साडेसहा मिनिटे दाखवत होते, आणि मी स्वतःला समजावले की पुलावर घड्याळ चुकत असेल. घड्याळ चुकत नव्हते. आठ किलोमीटर ५२ मिनिटांत संपले, म्हणजे तुझ्या हिशेबापेक्षा मी सहा मिनिटे पुढे होतो, आणि वरळीच्या समुद्राकाठी धावताना ती सहा मिनिटे मला बँकेत ठेवल्यासारखी वाटत होती.

तू म्हणतोस ते कारण मला आता पटले आहे. वेग वाढवला की शरीर चरबी बाजूला ठेवून स्नायूंत साठवलेली साखर भराभर जाळते, आणि तो साठा मोजका असतो. त्यात मुंबईची हवा. जानेवारीतही ती इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. तो नुसता वाहतो आणि मीठ घेऊन जातो. हाजी अलीपाशी आलो तेव्हा माझ्या काळ्या टोपीच्या कडेवर पांढरी रेघ उमटली होती. पाण्याच्या टेबलांपैकी पहिली दोन मी "तहान नाही" म्हणून ओलांडली होती, हेही सांगून टाकतो.

मग पेडर रोड. बसमधून जाताना तो चढ आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. चौदा किलोमीटर धावून आलेल्या माणसाला मात्र तो येऊरइतकाच उंच वाटतो. अर्ध्या चढावर डाव्या पोटरीत गोळा आला. पोटरीचा स्नायू कातडीखाली उंदरासारखा वर सरकताना मी डोळ्यांनी पाहिला, आणि पदपथाच्या कडेला धरून उभा राहिलो. एका स्वयंसेवक मुलाने स्प्रे मारला, टाच जमिनीला टेकवून पाय ताणून धरायला लावला. "काका, आता चाला, लाजू नका," असे तो म्हणाला. मी चाललो.

एका इमारतीच्या फाटकाशी सत्तरीच्या पुढच्या एक आजी खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा. संक्रांत नुकतीच झालेली. इतर लोक संत्र्याच्या फोडी आणि मीठ देत होते, या मात्र येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर तिळगुळाची एकेक वडी ठेवत होत्या आणि "गोड बोला" असे बजावत होत्या. धापा टाकणाऱ्या माणसाने तिळाची वडी खाऊ नये. तीळ घशात अडकले, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले, आणि आजींना वाटले की मी भारावलो आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आणखी एक वडी दिली. ती मी खिशात टाकली.

पुढे त्याच रस्त्यावर लतादीदी राहत ते प्रभुकुंज लागते. बरोबर चालणाऱ्या एका गृहस्थांनी न थांबता त्या दिशेने नमस्कार केला, मीही केला. लतादीदींचे एखादे गाणे मनात म्हणावे असे वाटले, पण मनातसुद्धा दम पुरला नाही.

चौपाटीपाशी उजाडले होते. मरीन ड्राइव्हवरचे किलोमीटर मी धावलो असे म्हणणे धाडसाचे होईल. दोन दिव्यांच्या खांबांमधले अंतर धावायचे आणि पुढच्या दोनमधले चालायचे, असा करार स्वतःशी केला आणि तो जेमतेम पाळला. तिथे मला तुझा बेळगावचा धावपटू फडेप्पा चौगुले आठवला, ज्याच्या कथा बेळगावात तुझ्या घरी जेवताना मी शंभरदा ऐकल्या आहेत. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये ४२.७५ किलोमीटर, म्हणजे नेहमीच्या मॅरेथॉनपेक्षाही अर्ध्या किलोमीटरहून जास्त, धावून तो एकोणिसावा आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहून दोराबजी टाटांनी आपले धावपटू ऑलिंपिकला पाठवण्याचे मनावर घेतले, आणि आज मुंबईच्या शर्यतीच्या कमानीवर टाटांचेच नाव असते, हा योगायोग मी तुला फोनवर सांगणार होतो. फडेप्पाला तिळगूळ कोणी दिला नसेल, एवढे मात्र नक्की.

चर्चगेटकडे वळल्यावर ढोल ऐकू आला, आणि शेवटचे तीनशे मीटर मी लोकांच्या भीतीने धावलो. २१.०९७ किलोमीटर. शेवटच्या सातांना चौसष्ट मिनिटे लागली. पहिल्या आठांवर कमावलेली सहा मिनिटे तर गेलीच, वर आठ मिनिटांचे व्याज भरावे लागले. तुझ्या सव्वासातच्या चालीने गेलो असतो तर २ तास ३३ मिनिटांत घरी, आणि तेही हसतमुख. हा हिशेब मी रविवारी दुपारीच मांडला होता, तुला सांगायला बुधवार उजाडला.

डाव्या अंगठ्याचे नख काळे पडले आहे. बूट अर्धा नंबर मोठे घे असेही तू म्हणाला होतास, ते त्या कागदावर नसल्याने मी विसरलो. पदक आईने देवघरात ठेवले आहे, त्यावर हळदकुंकू वाहिलेले मी पाहिले आणि काही बोललो नाही. खिशातली ती वडी घामाने भिजून गेली होती, म्हणून टाकावी लागली, याचे मात्र वाईट वाटते.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तुला चालायची परवानगी दिली आहे, असे वहिनी म्हणाल्या. फेब्रुवारीत दोन दिवस इकडे ये. येऊरला जाऊ, तू सावकाश चाल, मी तुझ्या पुढे जाणार नाही. यंदा जाऊ शकणार नाही, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. बेळगावचा गोड कुंदा आणायला विसरू नकोस.

तुझा,
२ तास ४१ मिनिटेवाला