‘खोडवा ठेवणार हाय का?’ असं विचारणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या दादांना

दादा,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. गाव विचारलं तर “नदीपल्याड” एवढंच म्हणालात, आणि नंबर मागेपर्यंत ट्रॅक्टर चालू करून निघूनही गेलात. म्हणून हे असं उघड्यावर लिहितेय. वाळवा-पलूस भागातल्या कुणी हे वाचलं आणि मागच्या मडगार्डवर ‘आईची पुण्याई’ लिहिलेला लाल ट्रॅक्टर त्यांच्या ओळखीचा असला, तर एवढा निरोप पोचवावा.

आमचं रान मळीचं. काळी, भारी माती, पाणी प्याली की फुगणारी. यंदा दिवाळी सरली तरी पाऊस हटेना. आडसाली ऊस, सोळा-सतरा महिने सांभाळलेला, तोडीला आला होता. ऊसतोड मजुरांची टोळी फडात उतरली तेव्हा वरचा पापुद्रा वाळलेला दिसत होता, पण आत नुसती रबडी. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर निघाला आणि हाकेच्या अंतरावर पाणंद दिसत असताना मागचं चाक बसलं. ड्रायव्हरनं रेस वाढवली तसं ते आणखी खाली गेलं. टायरच्या खाचांत माती गच्च भरली, चाक जागच्या जागी फिरत राहिलं, आणि शेवटी ट्रॅक्टरचं पोट चिखलाला टेकलं. काळ्या रानानं धरलं की सावकारानं धरल्यासारखं असतं, जेवढी धडपड कराल तेवढं आत.

दादा, त्यानंतर तुम्ही येईपर्यंत काय काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. गाडीमालकाला फोन केला तर तो म्हणाला, “रान तुमचं, चिखल तुमचा, तुम्हीच बघा.” प्रत्येक खेपेला ‘एंट्री’ म्हणून वरचे पैसे मोजून घेताना मात्र रान कुणाचं ते विचारायची गरज पडत नाही. तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय म्हणाला, गाडी कारखान्याची नाही, वाहतूकदाराची आहे. जेसीबीवाल्यानं आधी पैसे टाकायला सांगितले, टाकले, मग त्याचा फोन लागायचा बंद झाला. आणि ज्यांच्या म्हशी दर हंगामाला आमच्या फडातल्या वाढ्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, पोसतात, त्या भावकीनं मोठा ट्रॅक्टर दारात उभा असताना सांगितलं, “क्लचप्लेट जळंल, वहिनी.” बांधावर माणसं कमी नव्हती. सगळ्यांच्या हातात मोबाइल होता, फावडं एकाच्याही नाही.

ड्रायव्हर पोरगाच होता, त्याला मी काही बोलणार नाही. रात्रभर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता बिचारा.

खरं सांगायचं तर तुमच्याआधी मदतीला धावली ती टोळीच. बीडकडची माणसं, उचल घेऊन आलेली, दिवसाला किती टन भरले त्यावर ज्यांचा हिशोब. अडकलेल्या गाडीचा एक पैसाही त्यांना मिळणार नव्हता. तरी गाडी हलकी व्हावी म्हणून बाया-माणसांनी बॅटरीच्या उजेडात मोळ्या उतरवून बांधावर रचल्या, आणि गाडी निघाल्यावर त्याच मोळ्या डोक्यावरून परत चढवल्या. एकीचं तान्हं खोपीत रडत होतं, ती मधूनच जाऊन पाजून यायची आणि पुन्हा मोळी उचलायची. त्यांचेही आभार याच पत्रात मानते.

उसाची मला घाई का होती ते कुणाही ऊसवाल्याला कळेल. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत कारखान्याच्या गव्हाणीत पडला तर बरा, नाहीतर वजन घटतं आणि साखरही. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर टनाला ३५५० रुपये एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, म्हणून आकडा पेपरात छापून आला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते हेही सगळ्यांना माहीत असतं. रुतलेली गाडी ओढायला काय जातं, ते मात्र कुठल्याच बिलात छापलेलं नसतं.

तर अशा वेळी तुम्ही आलात. कुणी बोलावलं नव्हतं. पाणंदीवरून चालला होतात, गर्दी बघून थांबलात, इंजिन बंद केलंत, चपला काढल्यात आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ चिखलात उतरलात. चाकाशी वाकून बघितलंत, हातानं माती चाचपलीत. मी मनात पैशाचा हिशोब करत उभी होते. तुम्ही वळलात आणि विचारलंत,

“काकी, खोडवा ठेवणार हाय का?”

दादा, आदल्या संध्याकाळपासून किती माणसांशी बोलले असेन. पैसे कोण देणार, गाडी कुणाची, ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा, सगळं सगळ्यांनी विचारलं. त्या चिखलाखाली माझ्या उसाचे बुडखे आहेत आणि पुढचं पीक त्यांच्यातूनच फुटायचं आहे, हे एकट्या तुम्हाला आठवलं. मी “हो” म्हणाले, आणि मला रडू आलं. तुम्ही तिकडं बघितलं नाहीत, तेही बरं केलंत.

ज्यांची शेती नाही त्यांच्यासाठी सांगते. खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक. आमचा ऊस ८६०३२ जातीचा, खोडव्याला चांगला. बेणं नाही, लागणीचा खर्च नाही, बुडखे नीट राहिले तर पुढच्या वर्षाचं पीक निम्मं हातात आल्यासारखं. पण ओल्या रानात जड चाक फिरलं की माती दाबून बसते, तेवढ्या पट्ट्यात फुटवा येत नाही, आणि चाकोरीत पाणी साठलं तर बुडखे कुजतात. आदल्या दिवशी गाडी काढायच्या नादात उरलेल्या रानातून आडवी वाट पाडायचं घाटत होतं. तुम्ही म्हणालात, “नवी वाट पाडायची न्हाई. आलाय त्याच चाकोरीनं मागं काढायचा. जेवढं रान नासलंय तेवढंच नासू दे.”

कसं काढलंत ते सगळं इथं लिहीत बसत नाही. तुमचा ट्रॅक्टर तुम्ही रानात घातलाच नाहीत. विहिरीचा जुना मुरूम पसरलाय तिथं उभा करून लांब वायररोप लावलात. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती ऐकून दुसऱ्या कुणाचा जीव वाचेल. आमच्यातल्या एका पोरानं मागच्या चाकांना ओंडका बांधायची आयडिया काढली होती. तुम्ही त्याच्यावर खेकसलात. चाक अडलं आणि इंजिनानं जोर लावला, की ट्रॅक्टर तोंड वर करून मागं ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो, आणि उडी मारायलाही वेळ मिळत नाही. वायररोपवर ओलं पोतं टाकलंत, तुटला तर झेप कमी व्हावी म्हणून. पोराबाळांना आणि मोबाइलवाल्यांना लांब हाकललंत. मोबाइलवाल्यांना जरा जास्तच लांब, तेव्हा मला फार बरं वाटलं.

गाडी निघाली, टाळ्या-शिट्ट्या झाल्या, माणसं पांगली. ट्रॅक्टर पाणंदीला लागला तसे सगळेच आपापल्या वाटेला. तुम्ही मात्र माझ्या हातातलं फावडं मागून घेतलंत, परत त्या चाकोरीत उतरलात, आणि साठलेल्या पाण्याला चरीकडं वाट करून दिलीत. उघडे पडलेले बुडखे होते त्यांवर पायानं माती सारलीत. तुमच्या रानात असतं तसंच, सवयीनं. आमच्या भावकीनं बांधावरून हे बघितलं. बघितलं म्हणजे बघितलंच.

पैसे पुढं केले तर म्हणालात, “डिझेल किती जळलंय त्यात, राहू द्या.” भाकरी खाऊन जा म्हटलं तर म्हणालात, म्हशींच्या धारा काढायच्यात.

सासरे सांगायचे, त्यांच्या तरुणपणी एकाचं रान मागं पडलं की गावातले बैल इर्जिकीला यायचे. नांगर ज्याचा त्याचा, जेवण रानवाल्याचं, आणि रात्री भजन. मला ते ऐकून वाटायचं, म्हातारी माणसं जुनं ते सोनं करून सांगतात. अजूनही थोडं वाटतं, कारण त्या काळातही अडवणारे असणारच. पण गावं चालली ती अडवणाऱ्यांच्या जिवावर नाही, एवढं आता मला पटलंय. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तासाचे दर आले, त्यात वाईट काही नाही. ज्यानं त्यानं आपल्या यंत्राचे पैसे घ्यावेत. फक्त दुसऱ्याच्या रानात पाय टाकताना तिथं काय पेरलंय ते बघावं.

खोडव्याची बातमी द्यायची राहिली. बुडखे छाटून घेतले, पाचट सरींत कुट्टी करून पसरलं, पहिलं पाणी झालं. चाकोरीच्या पट्ट्यात थोडे नांगे, म्हणजे मोकळ्या जागा, पडलेत, ते रोपं लावून भरून घेऊ. बाकी रान हिरवं झालंय. टोळीचा मुक्काम अजून शेजारच्या गावात आहे, त्यातल्या बाया तुमची आठवण काढतात. त्यांनी तुमचं नाव ‘फावडंवाले भाऊ’ ठेवलंय.

डिझेलचे पैसे मी बाजूला काढून ठेवलेत, ते तुम्हाला घ्यावेच लागतील. एकदा वेळ काढून, धारा आटोपून या. भाकरी, वांग्याचं भरीत आणि ताज्या गुळाची ढेप तुमची वाट बघतेय. फक्त मोटारसायकलवर या. पाणंदीवरचा मुरूम दर निवडणुकीला येतो म्हणतात, पण यंदा अजून आलेला नाही, आणि तुमचा ट्रॅक्टर ओढून काढायला आमच्याकडं तुमच्यासारखं कुणी नाही.

तुमची,
काकी