खाकी पँट आणि परकराची नाडी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या तब्येतीचा विषय काढला की पाच मिनिटांत मी डॉक्टर होते आणि तुम्ही पेशंट. बाबा 'बरं बरं' म्हणतात, आईचं दूध उतू जायला लागतं. म्हणून पत्र.

आई, गेल्या रविवारी तू गच्चीवर पापड उलटायला आलीस आणि दम लागून कठड्याला धरून उभी राहिलीस. विचारलं तर म्हणालीस, 'वय झालं आता.' त्या चौदा पायऱ्या तू गेल्या उन्हाळ्यात हातात परात घेऊन चढत होतीस. तेव्हापासून माझं लक्ष लागत नाहीये.

बाबा, तुमच्या बस ड्रायव्हरच्या नोकरीची एक गोष्ट मला एमडीच्या अभ्यासात भेटली होती, ती तुम्हाला सांगायची राहूनच गेली. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या बसवाल्यांचा अभ्यास केला आणि तो 1953 साली छापून आला. बस दुमजली. ड्रायव्हर दिवसभर सीटवर, कंडक्टर मात्र तिकिटं फाडत वर-खाली, रोज पाच-सहाशे पायऱ्या. एकच कंपनी, राहणीमानही सारखंच. तरी हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त, अन् पहिल्याच झटक्यात जाणारेही त्यांच्यातच जास्त. व्यायामाने हृदय वाचतं हे आज सगळेच म्हणतात, पण आकडे मांडून ते आधी दाखवलं ते या बसवाल्यांनी.

पुढे 1956 मध्ये मॉरिस यांनी गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढल्या. एकाच वयाच्या ड्रायव्हरची आणि कंडक्टरची पँट घेतली तर ड्रायव्हरची कंबर मोठी. हे वाचताना मला आपली पुढची खोली दिसली. आई मशीनवर बसलेली, मांडीवर बाबांची खाकी पँट, हातात ब्लेड. तू मागच्या शिवणीत दोन बोटं माया ठेवायचीस आणि दर एक-दोन वर्षांनी ती थोडी थोडी सोडायचीस. बाबांनी तीस वर्षं वाई-पुणे गाडी चालवली, खंबाटकी उतरताना जीव मुठीत धरला, आणि त्या सगळ्याची नोंद तुझ्या त्या शिवणीत होत गेली.

बाबा, तुम्ही म्हणता की वजन काही फार नाही. खरंय, पण आपल्या लोकांचं वजन फसवतं. पुण्यातल्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो आम्हा डॉक्टरांत प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. हातपाय काटक अन् पोट पुढे, ही आपली ठेवण. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी सगळ्यात वाईट. तिच्यातून सुटलेली चरबी थेट यकृतात जाते, इन्सुलिन नीट काम करेनासं होतं, रक्तात साखर आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतं, बीपी चढतं. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी आणि बाईची 80 च्या आत. आईच्या टेपवर साडेपस्तीस इंच आणि साडेएकतीस इंच.

आता आई, तुझं. बाबांची कंबर किती वाढली हे तुला नेमकं माहीत होतं. तुझी कोणी मोजली? साडी नेसणारीची कंबर कुणाला कळत नाही, तिची तिलाही नाही. परकराची नाडी आहे, थोडी सैल बांधली की झालं. मीही बाबांचं बीपी, बाबांची गोळी यातच गुंतले आणि इतकी वर्षं डॉक्टर असून तुझ्या कमरेला टेप लावली नाही. हे मला फार लागलंय. सगळ्यांचं झाल्यावर तू जेवतेस, टाकवत नाही म्हणून उरलेला भात संपवतेस. आता कुकर अर्ध्या वाटीने कमी लाव. शिळं उरलंच तर गाईला घाल, पण तू संपवू नकोस.

आणि दम लागण्याचं. पाळी जाईपर्यंत बाईच्या हृदयाला थोडं संरक्षण असतं, नंतर ते जातं. तिचा त्रास नेहमी छातीत कळ आली असा येत नाही. दम, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, दरदरून घाम, मळमळ, असाही येतो. माझ्याकडे किती बायका 'पित्त झालंय' म्हणत दोन दिवस सोडा पिऊन येतात! परवा काढलेला तुझा ईसीजी चांगला आहे, पण आडवं पडून काढलेला ईसीजी चांगला म्हणजे सगळं चांगलं असं नाही. शनिवारी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करू, मग पुढचं ठरवू. तोवर गच्ची बंद, पापड बाबा काढतील. आणि बसल्या बसल्या दम लागला किंवा घाम फुटला तर बाबा, तिला स्कूटरवर घेऊन निघू नका. आधी 108 लावा, मग मला.

बाबा, तुम्ही संध्याकाळी गणपती घाटावर जाऊन बसता. त्याच्या आधी नदीकाठाने अर्धा तास चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आठवड्यातून पाच दिवस. मॉरिस यांच्या नोंदींत जाड कंडक्टरसुद्धा जाड ड्रायव्हरपेक्षा बरे निघाले होते, म्हणजे पोट कमी व्हायच्या आधीही चालण्याचा उपयोग होतो. तुमच्या गाडीवरचे कंडक्टरकाका अजून रोज चालतात ना? त्यांच्याबरोबर जा. बीपीची गोळी मात्र बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही.

शनिवारी सकाळी आईला न्यायला येते. आई, तपासणीसाठी रक्त उपाशीपोटी द्यायचंय, चहाही नको. येईपर्यंत दोघांच्या कमरा मोजून ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. टेप मशीनच्या डाव्या खणात आहे, काजाच्या सुया शोधताना मी पाहिली होती.

तुमची धाकटी