विळ्याच्या मुठींसाठी लेथ घेताना

प्रिय मेघा,
अनेक आशीर्वाद.

विळे, खुरपी, कोयते यांच्या मुठी स्वतः करायच्या म्हणून तू लाकूड फिरवून कातायचा लेथ बघते आहेस, याचा फार आनंद झाला. तू पाठवलेला दोन्ही यंत्रांचा तपशील नीट वाचला. मोठं घेऊ नकोस. दुकानदार आधी स्विंग सांगतात, म्हणजे बेडवर (यंत्राच्या आडव्या पायावर) किती व्यासाचं लाकूड फिरेल तो आकडा. वाडगे, ताटं कातणाऱ्याला त्याचं मोल. विळ्याची मूठ जेमतेम 35 मिमी जाड आणि 130 मिमी लांब. 10 इंच स्विंग आणि दोन सेंटरमध्ये, म्हणजे लाकूड दोन्ही टोकांनी धरणाऱ्या अणींमध्ये, 18 इंच जागा असली की एका तुकड्यात दोन मुठी सहज निघतात. कुदळीचे दांडे त्यात बसणार नाहीत, पण लांब दांडा लेथवर मधोमध थरथरतोच. तो रंध्यानेच करावा.

पैसे घालायचे ते वजनावर. बेड ओतीव लोखंडाचा हवा. हलक्या बेडवर चौकोनी तुकडा फिरू लागला की टेबलासकट सगळं हादरतं, पटाशी उड्या मारते आणि मुठीवर लाटा उठतात. दुकानात टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा सरकता भाग) पुढे सरकवून दोन्ही सेंटरची टोकं समोरासमोर आणून बघ. टोकाला टोक नेमकं भिडलं पाहिजे, कारण पात्याची शेपटी मुठीत जिथे शिरते ते भोक टेलस्टॉकमधूनच पाडायचं आहे. मग स्पिंडल, म्हणजे लाकूड फिरवणारा दांडा, हाताने वर-खाली हलव. किंचितही खटखटलं तर बेअरिंग ढिली आहेत.

मोटरबद्दल माझं मत ठाम आहे: 1 एचपीची साधी इंडक्शन मोटर, वेग बदलायला पायऱ्यांची पुली आणि पट्टा. बटणाने वेग बदलणारं यंत्र वापरायला सुखाचं, पण त्याचं सर्किट बिघडलं तर गावात दुरुस्त कोण करणार? पट्टा कुठेही मिळतो. विजेचा दाब 230 व्होल्टवरून 180 वर आला की इंडक्शन मोटरचा जोर साधारण 60 टक्केच उरतो, कारण जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अर्धा एचपीची मोटर मग बाभळीवर अडखळते आणि तापते. चौकोनी तुकडा गोल करताना मिनिटाला 800 फेऱ्या, शेवटचा हात फिरवताना 1800 पुरेत.

लाकूड पकडणारा चारजबडी चक आणि टेलस्टॉकमध्ये बसणारा, ड्रिल धरणारा ड्रिल चक लेथबरोबरच घे. लाकूड आधी कातून नंतर भोक पाडलं तर ते तिरकं जातं आणि पातं मुठीशी वाकडं बसतं. म्हणून 40 मिमी चौरस तुकडा चकमध्ये धरून आधी भोक पाड, शेपटीच्या मधल्या जाडीएवढं. मग त्या भोकात निमुळतं लाइव्ह सेंटर (लाकडाबरोबर फिरणारी अणी) घालून बाहेरचा आकार कात, म्हणजे भोक आपोआप मध्यावर राहतं. शेंबीसाठी, म्हणजे मुठीच्या तोंडावरच्या कड्यासाठी, लोखंडी पाइपचं 15 मिमीचं कडं काप. लाकडाचं टोक कड्याच्या आतल्या मापापेक्षा केसभर जाड ठेव आणि ठोकून बसव. लाकूड ओलं असेल तर ते नंतर आकसतं आणि कडं महिन्याभरात गळतं. तुकडे दर आठवड्याला वजन करत जा. वजन घटायचं थांबलं की लाकूड वाळलं. बाभूळ टोकाकडून तडकते, म्हणून चिरल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण लाव.

विळा ओढून चालतो, दातेरी विळा तर जास्तच, म्हणून मुठीच्या मागच्या टोकाला बोंड हवं. ते नसेल तर घामाने हात मागे घसरत राहतो. कोयत्याचं वेगळं. गोल मूठ उसावर घाव बसताच हातात फिरते. ती लेथवर 38 मिमीची कातून दोन बाजूंनी रंध्याने चार-चार मिमी काढ, म्हणजे अंडाकृती होईल. शेवटी जवसाचं तेल लाव. व्हार्निशवर हात सरकतो आणि फोड येतात.

ओढणी, बांगड्या, मोकळे केस लेथजवळ अजिबात नकोत. हातमोजेही नकोत, ते हातासकट आत ओढले जातात. तोंडावर पारदर्शक ढाल मात्र हवीच.

तीन-चार संध्याकाळी घरातल्या प्लगला मीटर लावून दाब मोज आणि आकडे कळव. तो 200 च्या खाली जात असेल तर आधी वायरमनकडून त्याचं कारण शोधून दुरुस्त करून घे, मगच पैसे भर.

तुझे बाबा