खाली पोकळ नाही, बाबा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवरच सांगणार होते. रविवारी दोनदा तोंडाशी आलं, पण आईने शेजारच्या काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं काढलं आणि मला गप्प बसायला तेवढं निमित्त पुरलं. म्हणून हे पत्र. मी इथे इटलीत घर घेतलंय. म्हणजे साठेखत झालंय, बयाणा दिलाय, रजिस्ट्री पुढच्या महिन्यात. आता मी फिरले तर बयाणा बुडतो, मालकीणबाई फिरल्या तर त्यांनी दुप्पट परत द्यायचा, असा इथला कायदा आहे. तेव्हा "जरा थांबली असतीस तर" हे बाबांनी मनातच म्हणावं.

गावाचं नाव इग्लेसियास. सार्डिनिया बेटाच्या नैऋत्य कोपऱ्यात, माझ्या ऑफिसपासून, म्हणजे काल्यारीपासून, रेल्वेने तासाभरावर. वस्ती 25 हजारांच्या आसपास. तेराव्या शतकात पिसाच्या लोकांनी चांदीच्या नादाने वसवलेलं. पुढे शिसं आणि जस्त निघत राहिलं, आणि 1990 च्या दशकात खाणी बंद पडल्या.

बाबा, "खाण" वाचल्यावर तुमची भुवई वर गेली असणार. खाली पोकळ आहे का, स्टोइंग, म्हणजे पोकळीत वाळूची भर, केलंय का, प्लॅन कुठे आहेत. सगळं आधीच विचारून ठेवलंय, खाणीतल्या सर्व्हेअरची मुलगी आहे मी. मोठी खाण मोंतेपोनीची, ती गावाबाहेर दोनेक किलोमीटरवर डोंगरात. आणि हा कोळसा नव्हे, थर धरून घराखाली पसरत जायला. चुनखडीच्या डोंगरात जिथे धातुक सापडलं तिथे ते खोदत गेले. इंजिनिअरने घर बघून लेखी दिलंय. एक मात्र लपवत नाही: जिन्याच्या तळाशी भिंतीला ओल आहे, हातभर उंच. दगडी भिंत, दोन फूट जाड, जमिनीतलं पाणी ओढते म्हणे. फोटो पाठवते, तुम्हीच सांगा काय करायचं ते.

बाकी घर नवं करून घेतलेलं आहे. वायरिंग, नळ, खिडक्या सगळं नवीन. छताच्या जुन्या तुळया तेवढ्या ठेवल्यात, आणि त्यातल्या एकीत लोखंडी कडी आहे. आई, ती बघितल्याबरोबर मला क्वार्टरमधला आपला झोपाळा आठवला, ज्याच्यावरून पडून माझा दात गेला. ती कडी काढू का, असं मिस्त्रीने विचारलं. मी नको म्हटलं.

पहिला मजला, लिफ्ट नाही. पण पायऱ्या 19 च आहेत, मधे टेकायला चौथरा आहे, दोन्ही बाजूंनी कठडा मी लावून घेणार आहे. आता आईचा न विचारलेला प्रश्न. संडासात पाणी आहे! इटलीत 1975 पासून कायदाच आहे, घरात धुवायचं वेगळं भांडं लागतंच. तेव्हा मागच्या खेपेला जर्मनीत दादाकडे जे हाल झाले ते इथे नाहीत, पाण्याचा मग घेऊन फिरायला नको. गॅसची शेगडी आहे, कुकर माझा आहेच. तूरडाळ काल्यारीहून आणते. रवा तर इथे उदंड, त्याचे बारीक गोळे करून भाजतात, त्याला फ्रेगुला म्हणतात. पाने काराझाऊ नावाची पातळ कडक भाकरी मिळते, पापडासारखी वाजते, बाबांना चहात बुडवून आवडेल. कढीपत्ता मात्र कुंडीतच लावायचा, मातीही बाजारातून आणलेली. मोंतेपोनीला जस्ताच्या कारखान्यातून निघालेल्या तांबड्या गाळाचे डोंगर आहेत, दिसायला सुंदर, पण या भागातल्या जमिनीत शिसं आहे. पिण्याचं पाणी मी बाटलीचंच देईन. उगाच काळजी नको.

आता जे लिहायला तीन दिवस लागले ते. इथे पहिलं घर म्हणून नोंद केली तर नोंदणीकर 9 ऐवजी 2 टक्के पडतो. पैसे बरेच वाचतात. त्यासाठी 18 महिन्यांच्या आत त्या गावचं रहिवासी व्हावं लागतं. त्या कागदावर मी सही केली. कर वाचवायला केली असं लिहिणार होते, दोनदा लिहून खोडलं. बाबा, बेसा रोडचा प्लॉट तुम्ही माझ्यासाठी ठेवलात, दरवर्षी जाऊन तिथलं गवत काढून घेतलंत, हे मला माहीत आहे. तो विका असं मी म्हणत नाही. पण कुंपणाच्या भिंतीवर आता पैसे घालू नका.

हे तुम्हाला सोडून जाणं नाही. गेलेय तर मी बारा वर्षांपूर्वीच. आता निदान तुम्हाला बोलवायला पक्की जागा झाली. व्हिसा 90 दिवसांचा मिळतो, तेव्हा एप्रिलच्या शेवटी या, चंद्रपूरचा मे टळेल. बाबांना कार्बोनियाला नेते, अर्ध्या तासावर आहे. 1938 साली कोळशासाठीच उभारलेलं गाव, आणि सेर्बारियूच्या बंद खाणीचं आता संग्रहालय आहे. पोर्तो फ्लावियाही आहे, समुद्राच्या कड्यात बोगदे खोदून धातुक थेट जहाजात सोडायचे. बांधणाऱ्या इंजिनिअरने त्याला मुलीचं नाव दिलं. तुम्ही आम्हाला साधी विहीरही दिली नाहीत ती!

आता नीट ऐका. दोघांचेही पासपोर्ट काढून तारीख बघा, कपाटात आहेत म्हणून सांगू नका. बाबांनी श्वासाचा पंप रोज घ्यायचा, दम लागेल तेव्हा नव्हे. घेऊन झाल्यावर चूळ भरायची. आईने स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायचे नाहीत, कितीही अनारसे करायचे असोत. थंडीत सकाळचं फिरणं धूर खाली बसल्यावर, नऊनंतर. दादाला हे मीच सांगेन, तुम्ही आधी फोन करू नका. आई, रडली असशील तर बाबांना चहा करायला लाव, त्यांना येतो.

तुमची,
मनू

ता. क. खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, मोंतेपोनीत आयुष्य गेलेलं. घर बघायला आले तेव्हा जिन्यात त्यांचा खोकला ऐकला, पहिल्या पाळीला निघताना बाबांचा यायचा तसाच. पुढे मी भाव फारसा केला नाही. वडील खाणीत होते म्हटल्यावर त्यांनी कार्बाइडचा दिवा आणून दाखवला आणि विचारलं, किती खोल? मला सांगता आलं नाही. बाबा, किती होती हो?