चाचणी मिनिटाची, सवय तीन तासांची

महोदय,

कॅम्पस भरतीचे दिवस जवळ आले, की कोथरूडमधल्या आमच्या अभ्यासिकेत पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले ॲप्टिट्यूडची, म्हणजे कंपन्यांच्या भरती चाचणीतली, गणिते घेऊन येऊ लागतात. निवृत्तीनंतर मी त्यांना जमेल तशी मदत करतो. ही मुले कच्ची नाहीत. त्यांना आपण वेगळ्याच परीक्षेची सवय लावली आहे, असे माझे मत होत चालले आहे.

गेल्या महिन्यात बीएस्सीच्या एका विद्यार्थिनीला काळ-कामाचे साधे उदाहरण घातले : एक जण एखादे काम १० दिवसांत करतो, दुसरा १५ दिवसांत, तर दोघे मिळून ते किती दिवसांत संपवतील? तिने ‘समजा, एकूण काम = १’ असे लिहून समीकरण मांडले, अपूर्णांकांची बेरीज केली आणि ६ दिवस या अचूक उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत याला पैकीच्या पैकी गुण पडले असते. पण तिला साडेतीन मिनिटे लागली होती, आणि भरतीच्या चाचणीत अशा प्रश्नाला साधारण मिनिटभरच मिळते. कामाचे ३० भाग धरले तर पहिला रोज ३ आणि दुसरा रोज २ भाग उरकतो, म्हणजे उत्तर तोंडीच येते, हे दाखवल्यावर ती म्हणाली, “सर, स्कॉलरशिपला आम्ही असंच करायचो.”

शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते, ती मुले हौसेने सोडवतात, आणि पुढे महाविद्यालयात ‘खालीलपैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवा’ व पायऱ्यांना गुण या चाकोरीत ती सवय मोडते. भरतीच्या चाचणीत प्रश्न निवडायची सोय नसते, बहुतेक ठिकाणी प्रत्येक विभागाला वेगळी वेळ असते आणि काही चाचण्यांत मागच्या प्रश्नाकडे परतताही येत नाही. यावर अनेक महाविद्यालयांचा उपाय म्हणजे शेवटच्या सत्रात बाहेरची संस्था बोलावून सभागृहात भरवलेले आठवडाभराचे प्रशिक्षण. कला आणि वाणिज्यच्या मुलांच्या वाट्याला बऱ्याचदा तेही येत नाही. (याच शहरातल्या पेठांत स्पर्धा परीक्षांची मुले हेच अंकगणित वर्षानुवर्षे घोटत असतात, हे विशेष.)

साधनांची अडचण वेगळीच. एका विद्यार्थ्याने वसतिगृहातल्या खोलीत, मित्राच्या लॅपटॉपवर, कॅमेऱ्याच्या देखरेखीखालची ऑनलाइन चाचणी दिली. मित्र चार्जर घ्यायला आत आला, कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसला आणि चाचणी तिथेच बंद पडली. दाद मागायला समोर माणूसच नव्हता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या आराखड्यात कौशल्य अभ्यासक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यातच पहिल्या वर्षापासून पंधरवड्याला एक, घड्याळ लावून, संगणकावर सोडवायची सराव चाचणी सर्व शाखांना ठेवावी, आणि प्रत्यक्ष चाचणीच्या दिवशी महाविद्यालयाचा संगणक कक्ष मुलांना उघडून द्यावा. माझ्या माहितीतल्या एका महाविद्यालयात या कक्षाला दुपारी तीनलाच कुलूप लागते.

– एक निवृत्त गणित प्राध्यापक, कोथरूड, पुणे