कल्हई, कासे आणि ‘नुसते मिश्रण’

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तांब्या-पितळेच्या भांड्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला. नवसागराच्या धुराचे वर्णन तर असे की नाकाला झोंबले. पण मध्येच एक वाक्य खड्यासारखे लागले: मिश्रधातू म्हणजे तांदळात मिसळलेल्या मुगडाळीसारखे नुसते मिश्रण, त्यात रासायनिक बंध नसतो. मी ३१ वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि जवळपास हेच फळ्यावर लिहीत आले, त्यामुळे सगळा दोष लेखकाच्या पदरात टाकता येत नाही.

निम्मे खरेही आहे. नेहमीच्या पितळेत जस्त तिसेक टक्के असते आणि ते तांब्याच्या अणूंच्या जागांवर वाटेल तिथे बसते. त्याला संयुग म्हणता येणार नाही. बंध मात्र तिथेही आहेच, नाहीतर तांब्या हातात तांब्या म्हणून राहिलाच नसता!

आता लेखातली कल्हईच घ्या. कल्हईवाला तापलेल्या पातेल्याला कथलाची कांडी टेकवतो, नवसागर भुरभुरतो, कापसाच्या बोळ्याने फिरवून घेतो, की आतून चांदीसारखी चकाकी चढते. नवसागर तांब्यावरचा ऑक्साइडचा थर साफ करतो, एवढे आम्ही शिकवत असू. पण कथील चिकटते कशाने? वितळलेले कथील तांब्याला भिडते तिथे तांब्याचे सहा अणू आणि कथलाचे पाच, अशा ठरलेल्या प्रमाणात तिसराच पदार्थ तयार होतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. हा पदार्थ ४१५ अंशांपर्यंत तग धरतो. रिकामे पातेले चुलीवर विसरले आणि कथलाचे मणी झाले, तरी खालचा हा करडा थर जागचा हलत नाही. डाळ-तांदळात असे कधी झालेले नाही.

सहाला पाच हे प्रमाण संयुजेच्या, म्हणजे एक अणू किती बंध जोडू शकतो त्या आकड्याच्या, कोणत्या हिशेबात बसते? कोणत्याच नाही. दहावीच्या वर्गात एका मुलाने विचारले होते, “बाई, पितळेत तांब्याची संयुजा किती?” मी ‘परीक्षेला नाही’ म्हणून वेळ मारून नेली. खरे तर या प्रश्नाला ऑक्सफर्डचे धातुशास्त्रज्ञ विल्यम ह्यूम-रॉदरी यांनी १९२६ सालीच हात घातला होता. मेनिंजायटिसमुळे तरुणपणीच त्यांचे ऐकणे पूर्ण गेले होते. त्यांनी संयुजा बाजूला ठेवून सरळ अणूचे बाह्य इलेक्ट्रॉन मोजले: तांब्याचा एक, जस्ताचे दोन, ॲल्युमिनिअमचे तीन, कथलाचे चार. आता एक तांबे-एक जस्त, तीन तांबे-एक ॲल्युमिनिअम आणि पाच तांबे-एक कथील, ही तीन संयुगे बघा. तिन्हींत दर दोन अणूंमागे बरोबर तीन इलेक्ट्रॉन येतात आणि तिन्हींत अणूंची मांडणी एकाच वळणाची असते. म्हणजे इथे एकाची दुसऱ्याशी गाठ असा प्रकार नाही. इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक, आणि ते दर अणूमागे किती यावर रचना ठरते.

पण प्रत्येक वेळी असेच होते असेही नाही. सीझियम आणि सोने हे दोन चकचकीत धातू एकास एक जुळले की धातूपण संपते. सीझियमचा इलेक्ट्रॉन सोने ओढून घेते आणि मिठाच्या जातीचा, अर्धवाहक पदार्थ मिळतो. सोडिअम आणि थॅलिअमचे संयुग आणखी मजेशीर. त्याची रचना जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड झिंट्ल यांनी १९३२ मध्ये उलगडली. सोडिअम आपला इलेक्ट्रॉन थॅलिअमला देतो, म्हणजे आयनिक बंध. मग थॅलिअमकडे कार्बनइतके चार बाह्य इलेक्ट्रॉन होतात आणि त्याचे अणू हिऱ्यातल्या कार्बनसारखे एकमेकांना जोडले जातात, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या भागीदारीचा सहसंयुज बंध. एवढे होऊनही पदार्थाची चकाकी धातूचीच. आमच्या पुस्तकातल्या आयनिक, सहसंयुज आणि धातूचा बंध या तीन वेगळ्या चौकटी इथे एकाच स्फटिकात नांदतात.

लेखात काशाचे ताट पडले तर तडकते असे म्हटले आहे, कारण दिलेले नाही. काशात कथील २२ टक्क्यांच्या आसपास असते. ते सावकाश थंड झाले तर त्यात तांबे-कथलाचे एक कठीण संयुग जमते. त्यात प्रत्येक अणूचे शेजारी ठरलेले, त्यामुळे तांब्यात जसे थर एकमेकांवरून सरकतात तसे इथे सरकत नाहीत. घाव बसला की वाकण्याऐवजी फुटते. ओतीव घंटेला हे चालते. ताट घडवणारे कारागीर मात्र कासे लालबुंद असतानाच ठोकतात आणि तसेच पाण्यात बुडवतात, म्हणजे ते संयुग जमायला वेळच मिळत नाही. आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी तेही एकदा समोर बसून पाहावे, आणि पाण्यातला तो चर्र आवाजही लेखात आणावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली