रस्त्याची पातळी कोणी ठरवली, ते लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात नालेसफाईच्या बातम्या सुरू होतात. नाले साफ व्हायलाच हवेत. पण माझं आयुष्य साइटवर लेव्हल मशीनला, म्हणजे उंची मोजायच्या दुर्बिणीला, डोळा लावून गेलं आहे आणि मला ज्याची जास्त धास्ती वाटते, ते त्या बातम्यांत कधी येत नाही. नागपुरात रस्ते वर चढत आहेत आणि घरं होती तिथेच आहेत.

आमच्या गल्लीचंच सांगते. प्रतापनगर भागातलं जुनं ले-आउट, बहुतेक घरं तळमजला आणि वर एक मजला. बांधली तेव्हा समोर डांबरी रस्ता होता आणि फाटकातून दारापर्यंत दोन पायऱ्या चढाव्या लागत. सिमेंटचा रस्ता आला तेव्हा जुनं डांबर, त्याखालची खडी, काहीच उकरलं नाही. त्यावरच थर. काम चालू असताना मी तिथल्या सुपरवायझरला म्हटलं, ''दादा, फिनिश लेव्हल किती येणार? लेव्हल शीट दाखवता का?'' त्याने गुडघ्याच्या जरा खाली हात धरला. ''इतका येईल मॅडम. काही नाही होत जी.'' पोरगा उद्धट नव्हता, कामाला तर चोखच होता. त्याच्याजवळ तो कागदच, म्हणजे कुठे किती उंची येणार याचा तक्ता, नव्हता. थर किती जाड टाकायचा ते त्याला सांगितलं होतं. रस्ता कुठल्या उंचीला थांबला पाहिजे, हे कोणीच सांगितलेलं नव्हतं.

हिशेब करून पाहा. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की जोतं, म्हणजे प्लिंथ, आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर वर हवं. सिमेंट रस्त्याला खाली ड्राय लीन काँक्रीट, म्हणजे कमी सिमेंटचा कोरडा थर, साधारण १५ सेंटिमीटर आणि वर मुख्य काँक्रीट २० सेंटिमीटर धरा. झाले ३५. नियमाने बांधलेल्या घराचे उरले १० सेंटिमीटर. जुन्या घरांची जोती तर फूटभरच असायची. ती रस्त्याखाली गेली. पुढे कडेला गट्टू, म्हणजे फरशीचे ठोकळे, बसवले, त्यांचा ढाळ घराकडे. आधी कडेच्या मातीत थोडंफार पाणी मुरायचं, तेही थांबलं.

माझ्या शेजारच्या आजींच्या घरी आता रस्त्यावरून एक पायरी उतरून जावं लागतं. त्यांनी फाटकात विटांचा बांध घालून घेतला, स्वतःच्या पेन्शनमधून. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई रोज दूध आणायला तो बांध ओलांडते, दोन्ही हातांनी फाटक धरून. रस्ता किती वर न्यायचा हे ठरवताना त्यांना कोणी विचारलं नाही. पाणी शिरलं तर गहू, गादी, फ्रिज त्यांचा भिजणार. बांधकामात जोखमीचा एक जुना नियम आहे, आम्हाला तो ठेकेदारीच्या करारांतून शिकवला जायचा: धोका ज्याला आवरता येतो, त्याच्याच अंगावर तो ठेवावा. इथे अगदी उलट झालं आहे. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर सगळं येऊन पडतं, आणि तेही न सांगता, कुठल्याही कागदावर सही न होता.

बांध घालूनही भागत नाही, हे बऱ्याच लोकांना पाणी आल्यावरच कळतं. मोठ्या पावसात गटाराची मुख्य लाइन भरून वाहू लागली की चेंबरमधलं पाणी रस्त्याच्या पातळीपर्यंत चढतं. तुमच्या न्हाणीची जाळी किंवा संडासाचं भांडं त्या पातळीच्या खाली असेल, तर पाणी दारातून येण्याची वाटच पाहत नाही. ते मोरीतून वर येतं, आणि ते स्वच्छ नसतं. घराच्या चेंबरवर उलट प्रवाह अडवणारी झडप बसवता येते, पण ती बसवा असं रस्ता वर नेणाऱ्याने कोणाला सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वाहिली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, मोरभवनचं बसस्थानक, सगळीकडे पाणी. माणसं दगावली. पाणी ओसरल्यावर ओळखीच्या एका कुटुंबाने मला त्यांच्या फ्लॅट स्कीममध्ये बोलावलं, तळघर पाहायला. तिथे जे दिसलं ते सविस्तर सांगितलं पाहिजे. तळघराच्या उतारावर, रस्त्यालगत, पाणी अडवायला उंचवटा केलेला होता. ज्याने तो केला त्याने विचार करूनच केला होता. पण नंतर समोर सिमेंटचा रस्ता आला आणि तो जवळजवळ उंचवट्याच्या माथ्याला जाऊन टेकला. अडवायला काही उरलंच नाही. खाली खड्ड्यात पंप होता, चांगला, चालू स्थितीतला. त्याचा स्टार्टर, म्हणजे पंप चालू-बंद करायची पेटी, मात्र तळघराच्याच भिंतीवर, कमरेच्याही खाली. पाणी तिथवर चढलं आणि पंप बंद पडला. त्यानंतर तळघर भरायला कितीसा वेळ लागणार? मी नकाशा मागवला. नकाशात पंपाच्या जागी एक गोल होता. स्टार्टर कुठे, ते दाखवलेलंच नव्हतं. म्हणून इलेक्ट्रिशियनने जिथे वायर कमी लागेल तिथे तो ठोकला. वरच्या मजल्याच्या जिन्यात नेला असता तर काही मीटर केबल जास्त लागली असती. चौकीदार बायकोपोरांसह त्याच तळघरात राहत होता. ते वेळेत वर आले. त्यांना कोणत्याही यंत्रणेने उठवलं नव्हतं, पोरगी तहान लागून जागी झाली होती.

असा पाऊस शंभर वर्षांतून एकदा येतो, आता काळजी नाही, असं नंतर पुष्कळांनी मला ऐकवलं. हा समज फार घातक आहे. नदीकाठच्या पूररेषांत निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात चार शक्यता, आणि गेल्या वर्षी पूर आला म्हणून यंदा ती कमी होत नाही. वीस वर्षांचं गृहकर्ज काढून निळ्या रेषेला लागून घर घेतलंत, तर कर्ज फिटायच्या आत पाणी किमान एकदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. लाल रेषेलाही ती जवळपास पाचात एक आहे. घर घेताना वास्तू पाहणारे, ग्रॅनाइट पाहणारे लोक हे का पाहत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. आणि या रेषा नद्यांसाठी आहेत. रस्ता वर गेल्यामुळे खोलगट झालेल्या गल्लीला कुठलीच रेषा नाही.

परवानगीच्या वेळी तरी हे पकडलं जायला हवं. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने लहान भूखंडांवरच्या, ३०० चौरस मीटरपर्यंतच्या, बांधकामांना जोखमीनुसार वर्गवारी करून परवानगी सोपी केली. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले, ते चांगलंच झालं. पण ही जोखीम प्रामुख्याने क्षेत्रफळ आणि मजल्यांवरून मोजली जाते. उतारावरचा १५० चौरस मीटरचा प्लॉट आणि नाल्याच्या वळणावर खोलगटात असलेला १५० चौरस मीटरचा प्लॉट, दोघांचा धोका सारखा कसा?

माझं मागणं एवढंच आहे की पातळी आकड्यात लिहा, आणि ती रस्त्यापासून नको, समुद्रसपाटीपासून लिहा. रस्ता बदलतो, समुद्रसपाटीचा आकडा बदलत नाही. आपल्या शहराला तर यासाठी बाहेर कुठे पाहायलाही नको. झिरो माईलच्या खांबापाशी उंचीची अधिकृत खूण आहे, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. इंग्रजांच्या काळात सर्वेक्षणवाल्यांनी ती दगडात कोरून ठेवली. लोक तिथे फोटो काढतात, आणि त्याच शहरात रस्त्याची उंची गुडघ्याला हात लावून सांगितली जाते. त्या खुणेवरून चौकाचौकात पक्के बेंचमार्क, म्हणजे उंचीच्या कायम खुणा, आणता येतील. दोन माणसं आणि एक मशीन असलं की होणारं काम आहे. मग प्रत्येक रस्त्याची कमाल पातळी ठरवून जाहीर करावी, आणि ती महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), सार्वजनिक बांधकाम विभाग, सगळ्यांना बंधनकारक असावी. नवा थर टाकायचा तर आधी तेवढा जुना थर काढावा. कामाच्या फलकावर खर्च आणि ठेकेदार असतात, तसा पातळीचा आकडा आणि तो ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव असावं. घराच्या नकाशावरही जोत्याची पातळी याच आकड्यात असावी. जोते तपासायला येणाऱ्याने टेप बाजूला ठेवून लेव्हल मशीन लावावं.

जुना थर उकरायला पैसे लागतात, खाली नळाच्या लाइनी वरवर असतात, त्या फुटतात, हे मला माहीत आहे. मी स्वतः फुटलेल्या लाइनींवर रात्री काढल्या आहेत. पण न उकरल्याने तो खर्च वाचत नाही, फक्त आजींच्या पेन्शनवर जातो. आपण नागरिकही यात अगदी निर्दोष नाही. ज्याला परवडतं तो घर पाडून नवं बांधताना अंगण मुरूम टाकून उंच करतो, फाटकासमोर रस्त्यावर रॅम्प काढतो, आणि त्याचं पाणी खालच्या घरात जातं. जाहीर केलेल्या पातळीचं बंधन त्यालाही हवं.

आमच्या मागच्या गल्लीत सध्या कडेने चुन्याच्या रेघा मारल्या आहेत, म्हणजे सिमेंट रस्त्याचं काम येणार. काम कोणाकडे आहे हे फलकावर अजून लागलेलं नाही. ज्या कोणा अभियंत्याकडे असेल, त्याने थर टाकायच्या आधी त्या गल्लीतल्या प्रत्येक घराच्या जोत्याची पातळी घ्यावी, अशी माझी विनंती आहे. माणूस कमी पडत असेल तर मी येते. मशीन माझं स्वतःचं आहे, स्टाफ, म्हणजे मोजपट्टीची काठी, धरायला भाचा आहे, आणि सकाळी ऊन चढायच्या आत पूर्ण गल्लीची शीट तयार होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त स्थापत्य पर्यवेक्षिका
प्रतापनगर, नागपूर